कॅम्पसवरची ओळख

"बाबा, कॅम्पसवर आपण एकमेकांना ओळखत नाही. ओके?"

सिंगापूरच्या बिशान स्टेशनवर सर्कल लाइनच्या मेट्रोची वाट बघताना अमेय हे म्हणाला, तेही फोनमधून मान वर न काढता. हेमचंद्र हसला. मुलगा गंमत करतोय असं समजून आधी हसून घ्यायची त्याला सवय होती. मग त्याच्या लक्षात आलं, अमेय हसत नाहीये.

"म्हणजे हाय-हॅलोसुद्धा नाही?"

"तसं नाही, बाबा. पण यू नो... सगळे विचारणार. मग एक्सप्लेन करत बसायचं."

"छे, छे. एक्सप्लेन कशाला? मी आपला माझ्या वर्गात जाईन आणि घरी येईन. मी तिथे आहे हे तुला कळणारसुद्धा नाही."

"थँक्स," अमेय म्हणाला. गाडी आली तेव्हा तो पुढच्या डब्यात शिरला आणि हेमचंद्र मागच्या. कॅम्पस अजून बरंच लांब होतं, पण कराराची अंमलबजावणी बिशानपासूनच सुरू झाली.

हेमचंद्रचं वय एक्कावन्न. सतरा वर्षं तो एका बँकेची जुनी कॉम्प्युटर सिस्टिम सांभाळत होता. तो असला की सिस्टिम बंद पडायची नाही, आणि सिस्टिम बंद पडली नाही की तो कुणाच्या लक्षात यायचा नाही, अशी ती नोकरी. २०१८ च्या सुरुवातीला बँकेने नवी सिस्टिम घेतली आणि तिची देखभाल पुण्याला पाठवली. हेमचंद्र पुण्याहून सिंगापूरला आला होता. काम सिंगापूरहून पुण्याला गेलं. यातला विनोद त्यालाही कळत होता, फक्त हसू येत नव्हतं.

नोकरी गेलेल्यांसाठी, जाऊ घातलेल्यांसाठी युनिव्हर्सिटीने काही वर्ग खुले केले होते. वेगळं बसायचं नाही, नेहमीच्या पोरांबरोबरच बसायचं. हेमचंद्रने डेटा ॲनालिटिक्सच्या वर्गात नाव घातलं. आर्मीची सक्तीची दोन वर्षं करून आलेला अमेय त्याच कॅम्पसवर दुसऱ्या वर्षाला होता. त्याची बायको सुनेत्रा शहराच्या दुसऱ्या टोकाला, तुआसच्या एका कंपनीत अकाउंट्स बघायची आणि उजाडायच्या आत घर सोडायची. मराठी मंडळात कुणी विचारलं तर "त्यांचं अपस्किलिंग चाललंय" असं सांगायचं, हे तिने ठरवून टाकलं होतं. "नोकरी गेली" हे शब्द घरात कुणीच उच्चारत नसे. मंडळाच्या गणपतीत माइक आणि स्पीकरची जबाबदारी वर्षानुवर्षं हेमचंद्रची असायची. यंदा "वर्ग आहेत हो" म्हणून त्याने ती मंडळातल्याच रवींद्रच्या गळ्यात घातली. वर्ग आठवड्यातून एकदाच होता.

ऑफिसची बॅग घेऊन गेलं तर लोक प्रोफेसर समजतील, म्हणून अमेयची शाळेतली जुनी सॅक त्याने माळ्यावरून काढली आणि पहिल्या दिवसापासून पहिल्या रांगेत बसला. बाकी सगळा वर्ग मागे. पहिली रांग आणि पोरं यांच्यात एवढी रिकामी जागा, की तिथे आणखी एक वर्ग भरला असता.

आणि हेमचंद्र प्रश्न विचारायचा. त्याच्या कॉलेजात प्रश्न विचारणारा मुलगा सरांच्या नजरेत भरायचा. इथे कुणी तोंड उघडत नसे. शंका असली तर नंतर ईमेल करायची. वर्ग संपत आला, मागे सॅकच्या चेन लागायला लागल्या, की हा दोनदा खाकरायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि म्हणायचा, "प्रॉफ, आय ॲम हॅविंग वन स्मॉल डाउट." डाउट कधीच स्मॉल नसायचा. एकातून दुसरा निघायचा, आणि मागे लावलेल्या चेन पुन्हा उघडल्या जायच्या.

त्या चेन त्याला ऐकू येत नव्हत्या असं नाही. पण नोकरी गेल्यापासून त्याच्याकडे बघून, त्याच्यासाठी म्हणून कुणी काही बोललं नव्हतं. प्रोफेसर बोलायचे. तेवढी मिनिटं त्याला हवी असायची.

उरलेले डाउट घरी जेवणाच्या टेबलावर निघत. घरात ओळख होती. अमेय वैतागून, पण झकास समजावायचा. "बाबा, हे इतकं सिंपल आहे," असं म्हणत कागदावर वक्र रेषा काढायचा आणि हेमचंद्र रेषेऐवजी पोराच्या बोटांकडे बघत बसायचा.

त्या गुरुवारी सुनेत्राची बस चुकत होती, म्हणून डबा झाला नाही. हेमचंद्र लायब्ररीखालच्या कँटीनमध्ये गेला आणि व्हेज बी हूनची, म्हणजे तांदळाच्या शेवयांची, थाळी घेऊन जागा शोधायला लागला. रिकाम्या दिसणाऱ्या प्रत्येक टेबलावर कुणीतरी टिश्यूची पुडी ठेवून जागा अडवलेली. ट्रे सांभाळत तो खांबाच्या कडेने निघाला, आणि त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला.

दोनदा खाकरणं. मग, "प्रॉफ, आय ॲम हॅविंग वन स्मॉल डाउट."

क्षणभर त्याला वाटलं, कुणी फोनवर वर्ग रेकॉर्ड केलाय. तोच चढ, तोच "डाउट"मधला जड ड. पुढे "सो बेसिकली, व्हॉट यू आर टेलिंग इज" हेही आलं, आणि टेबलाभोवतीची पोरं खो-खो हसली. बोलणारा पाठमोरा होता. त्याच्या अंगावरच्या निळ्या शर्टाला सकाळी हेमचंद्रनेच इस्त्री केली होती. हल्ली घरातली इस्त्री तोच करायचा.

समोर वेई लिंग बसली होती. हेमचंद्रच्या वर्गातली, त्याच्याच प्रोजेक्ट ग्रुपमधली. डोळे पुसत ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "सो अ‍ॅक्युरेट, ला! बट यू नेव्हर इव्हन मीट धिस अंकल. हाऊ यू नो?"

"आय्या, इंडियन अंकल्स ऑल सेम वन," अमेय त्याच इंग्रजीत म्हणाला.

राग यायला हवा होता. आली ती लाज, आणि तीही मुलाची नाही, स्वतःची. मी असा बोलतो? सतरा वर्षं मीटिंगमध्ये, लिफ्टमध्ये, बॉसच्या केबिनमध्ये मी असाच बोलत होतो, आणि माझी पाठ वळल्यावर तिथेही कुणीतरी असंच खाकरत असेल. त्याचे कान तापले. आणि मग दुसरी भीती आली, ती पहिलीपेक्षा मोठी होती. अमेय आत्ता मागे वळला तर? बापाने ऐकलं हे त्याला कळलं, तर ते पोर जन्मभर विसरायचं नाही. त्याला ते कळू द्यायचं नाही, असं हेमचंद्रने तिथल्या तिथे ठरवलं. बाप म्हणून करण्यासारखं त्याच्या हातात हल्ली फारसं काही नव्हतं, एवढं होतं.

तो ट्रे घेऊन मागच्या दाराने बाहेर पडला. ट्रे कँटीनबाहेर नेऊ नये अशी तिथे पाटी होती. इतक्या वर्षांत या देशातली एकही पाटी त्याने मोडली नव्हती. जिन्याच्या पायरीवर बसून त्याने चार घास खाल्ले आणि उरलेल्या शेवया तशाच ठेवल्या. आता ट्रे परत करायला हवा. तो असाच जिन्यात सोडून जाणं त्याच्या हातून होण्यासारखं नव्हतं, आणि ट्रे ठेवायचा रॅक नेमका त्या टेबलापलीकडे. दारातून तो दोनदा डोकावला. पोरं अजून हसतच होती, आता बहुतेक दुसऱ्याच कशाला तरी. एक झाडूवाली मावशी थांबून त्याच्याकडे बघायला लागली, तेव्हा तो घड्याळ बघितल्यासारखं करून उभा राहिला. टेबल रिकामं झालं, वेई लिंगही उठून वर्गाकडे गेली, तेव्हा कुठे हा ट्रे रॅकवर ठेवून वर गेला. वर्ग केव्हाच सुरू झाला होता. तो मागच्या रांगेत बसला. शेवटी प्रोफेसरांनी सवयीने पहिल्या रांगेकडे बघितलं, तिथे कुणी नव्हतं, आणि वर्ग वेळेवर सुटला.

त्यानंतर हेमचंद्रने प्रश्न विचारले नाहीत. वर्गात नाही, आणि टेबलावरही नाही. नाही समजलं की हेडफोन लावून तो व्हिडिओ बघायचा. बाथरूममध्ये नळ सोडून "डाउट" वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हणून बघायचा. पुण्याहून निशिकांतचा, त्याच्या भावाचा, फोन आला तेव्हा त्याने खाकरणं आवरलं, तर निशिकांत म्हणाला, "काय रे, तब्येत बरी नाही का? आवाज तुझा वाटत नाही."

एका रविवारी तिघं जेवायला बसले होते. अमेय ताटाकडे बघत म्हणाला, "बाबा, तुमच्या वर्गात वेई लिंग म्हणून आहे ना, शी इज माय फ्रेंड, ॲक्चुअली. ती सांगत होती, अंकल आता काहीच विचारत नाही. तिला पण काही कळत नाही म्हणाली. तुम्ही विचारायचात तेव्हा सगळ्यांना फुकटात कळायचं."

"मला आता सगळं समजायला लागलंय," हेमचंद्र म्हणाला.

"कसलं समजतंय!" सुनेत्रा आमटी वाढत म्हणाली. "त्या गुरुवारी मी डबा दिला नाही, तेव्हापासून यांचं काहीतरी बिनसलंय. धड जेवत नाहीत, धड बोलत नाहीत. काय खाल्लंत हो त्या कँटीनमध्ये?"

अमेयने मान वर केली. "कुठल्या कँटीनमध्ये?"

"कँटीन कुठलं? स्टेशनबाहेर सँडविच घेतलं होतं," हेमचंद्र घाईने म्हणाला.

"अहो, लायब्ररीखाली बी हून खाल्लं म्हणालात ना? तिखट होतं म्हणून?"

नवऱ्याने काही लपवायला घेतलं की ते उघडं पाडण्याचं सुनेत्राचं टायमिंग पहिल्यापासून अचूक होतं. अमेयचा घास हातातच राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी खोटं पकडलं गेलं की व्हायच्या, तशाच. हेमचंद्रने आमटी मागून घेतली, ती छान झाल्याचं सांगितलं, वर्गातल्या एसीच्या गारठ्याची तक्रार केली. पण पोराला कळलं होतं. एवढं एक करायचं ठरवलं होतं, तेही जमलं नाही.

अमेय उठला, ताट धुतलं आणि खोलीत गेला. नंतरचे दिवस तो बापाच्या नजरेला नजर देत नव्हता. दोघंही एकमेकांना लाजत त्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये वावरत होते आणि सुनेत्रा दोघांना ओवा देत होती.

शेवटच्या वर्गात प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन होतं. ग्रुपमधल्या प्रत्येकाला थोडं थोडं बोलायचं होतं. हेमचंद्रने आपला भाग पाठ केला होता, तोही सुधारलेल्या आवाजात. आधीचा वर्ग सुटायची वाट बघत सगळे कॉरिडॉरमध्ये उभे होते. वेई लिंग त्याला स्लाइड्सचा क्रम सांगत होती. तेवढ्यात जिन्यावरून अमेय आला. या मजल्यावर त्याचं काही काम नव्हतं. तो धावत आला असावा. घाम आला होता. सगळ्यांच्या समोर, बापापासून दोन हातांवर, तो थांबला.

"बाबा," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला.

चिनीतही वडिलांना बाबाच म्हणतात. वेई लिंगला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. तिने अमेयकडे बघितलं, मग हेमचंद्रकडे, मग पुन्हा अमेयकडे. तिचं हसू हळूहळू उतरलं. तिला कँटीन आठवलं, हे हेमचंद्रला तिच्या चेहऱ्यावर वाचता आलं. आता ती अमेयकडे कशी बघणार, उद्यापासून कँटीनमधलं ते सगळं टेबल त्याच्याकडे कसं बघणार, तेही त्याला दिसलं. सतरा वर्षं त्याने हेच तर काम केलं होतं. काही बंद पडायच्या आत ते ओळखायचं.

अमेय ओठ दाबून उभा होता. त्याला आणखी काही बोलायचं होतं, बहुतेक माफीचं, बहुतेक इंग्रजीत, सगळ्यांना कळेल असं. हेमचंद्रला ते ऐकायचं नव्हतं. पोराला वाचवायचं होतं, हे खरं. त्याला थोडंसं दुखवायचंही होतं, हेही खोटं नाही.

तो एक पाऊल पुढे झाला आणि हात पुढे केला.

"हॅलो," तो म्हणाला. "आय ॲम हेमचंद्र. यू आर आल्सो इन धिस क्लास?"

अमेयने त्याच्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी सरळ डोळ्यांत बघितलं. मग त्याने हात हातात घेतला. पोराचा हात घामाने ओला होता.

"नो," तो म्हणाला. आवाज नीट निघेना, म्हणून तो खाकरला. दोनदा. "आय ॲम अमेय."

"नाइस नेम," हेमचंद्र म्हणाला. वर्गाचं दार उघडलं होतं. त्याने हात सोडवून घेतला आणि सगळ्यांबरोबर आत गेला.