ताउगुलची अकरा, ओर्बिताची नऊ

ताउगुलच्या अल्बमची सुरुवात बसचं दार बंद होण्याच्या आवाजाने होते.

ओर्बिताचा ड्रमर दिवसा दातांच्या कवळ्या बनवतो.

मयतीला आलेले लोक म्हणाले, कब्देनची दोन्ही मुलं ढसाढसा रडली.

पहिलं नातवंड आजी-आजोबांनी वाढवायला मागितलं, तर कुणी नाही म्हणत नाही.

आयदोस गुल्झिराला वहिनी म्हणतो. त्याला जन्म तिने दिला.

घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, घराबाहेर कुणालाच नाही. बाहेर गुल्झिराचा नवरा नुरझान थोरला भाऊ, आयदोस धाकटा. मध्ये वीस वर्षांचं अंतर. असतं एखाद्या घरात. आयदोस त्याला आगा म्हणायचा, थोरल्या भावाला म्हणतात तसं. आजीला आपा, आजोबांना अता. कब्देन अता गेल्या हिवाळ्यात गेले आणि ओर्बितातल्या त्या घरात आयदोस आणि आपा दोघंच उरली. आगा आणि वहिनी राहायचे चार थांबे पलीकडे, ताउगुलमध्ये. दोघांनीही आपापल्या बँडला आपापल्या वस्तीचं नाव दिलं होतं. अल्माटीत हा एक विनोदच झाला होता.

एप्रिलात दोघांचे अल्बम आले. थोरल्याचा नऊ वर्षांनी, धाकट्याचा पहिलाच.

आयदोस आगाचा अल्बम ऐकू लागला आणि त्याला थांबता येईना.

त्यांची अकरा गाणी, आपली नऊ. त्यांची गिटार स्वच्छ, आपली करवतीसारखी. त्यांचे ड्रम पलीकडच्या खोलीत, आपले छातीवर. त्यांचं तिसरं गाणं संथ, आपलंही तिसरंच संथ, हे का? आपला आवाज सगळ्यात पुढे, नाकासमोर. त्यांचा आवाज इतका मागे, की भिंतीला कान लावल्यासारखं ऐकावं लागतं. आयदोसने लावला. गाणी कॉम्प्युटरवर घेतली, वेग कमी केला, गिटार दाबली, आवाज वर ओढला. बर्फ. किल्ली. शेजारचा कुत्रा. पुन्हा बर्फ. सातव्या गाण्यात ‘तू’ आलं तेव्हा तो खुर्चीतून उठलाच. तो ‘तू’ म्हणजे बंद पडलेली गाडी निघाली.

त्याला एवढंच हवं होतं. अकरा गाण्यांत कुठेतरी आपण आहोत का. विचारता येत नव्हतं. दिलेल्या मुलावर हक्क सांगत नाहीत, आणि आपाच्या कानावर गेलं असतं तर तिने अंथरूण धरलं असतं.

तो जेवताना ऐकायचा. दात घासताना ऐकायचा. बास वाजवणारी तोगझान म्हणाली, “अरे, इतकं तर तू आपलंपण ऐकलं नाहीस. प्रेमात पडलास की काय त्यांच्या?”

अकरा गाण्यांत तो कुठेच नव्हता.

मग कामिलाचा फोन आला. तिचा गाण्यांवरचा कार्यक्रम दर शनिवारी दुपारी थेट चालायचा. दोघे भाऊ समोरासमोर, प्रत्येकाने दुसऱ्याच्या अल्बमवर बोलायचं, आतलं काही लपवायचं नाही, असा तिचा बेत. आयदोस तयारीने गेला. एक वाक्य त्याने घासून घासून धार लावून ठेवलं होतं: ताउगुलचा गायक आवाज लपवतो, कारण त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

आगा आधी बोलला.

ड्रमर म्हणजे सोनं, म्हणाला. तोगझानचा बास ऐकून स्वतःच्या बासवाल्याला घरी पाठवावंसं वाटलं, म्हणाला. ध्वनिमुद्रण करणाऱ्या वादिमचे हात धुऊन पाणी प्यावं, म्हणाला. कामिला खूश. आयदोसला हे आगाचं बोलणं पाठ होतं. लहानपणापासून ऐकत आला होता तो: आमचा आयदोस किती छान वाजवतो, आमच्या आयदोसला काय जमत नाही. सहज, गुळगुळीत, पाहुण्यांच्या पोराचं करावं तसं कौतुक. आता तेच येणार म्हणून त्याने नजर टेबलावर ठेवली.

“गाणारा घाई करतो,” आगा म्हणाला.

कामिलाने भुवया उंचावल्या.

“तिसऱ्या गाण्यात सूर खाली आहे. एकदा नाही, सगळ्या कडव्यांत. शेवटच्यात शब्द गिळतो. येतं त्याला, पण जेवढं येतं तेवढ्यावर भागवतो. आळशी आहे.”

“आगा, तुम्ही भाऊ आहात की सासू?” कामिला हसत म्हणाली.

तो हसला नाही. त्याचे कान लाल झाले होते.

आयदोसला आधी राग आला. अंगभर आला. मग मध्येच कुठेतरी अडकला. कारण असं बोलणं त्याने ऐकलेलं होतं, पण स्वतःबद्दल कधीच नाही. पाहुणे नुरझानच्या गाण्याचा विषय काढायचे आणि अता म्हणायचे, तो? तारा खाजवतो, दुसरं काय. आणि लगेच आयदोसला पुढे ओढायचे, हा बघा, हा. नातवाला डोक्यावर घ्यावं, भावाला पुढे करावं, शेजाऱ्याच्या पोराला शाबासकी द्यावी. स्वतःच्या मुलाचं कौतुक माणूस चारचौघांत करत नाही. दृष्ट लागते, लोक हसतात. त्याला नावं ठेवतो.

चोवीस वर्षांत आयदोसला कुणी नावं ठेवली नव्हती.

कामिला म्हणत होती, आता तुझी पाळी, सोडू नकोस. धार लावलेलं वाक्य त्याने शोधलं. होतं, पण हाताला लागेना.

“तुमचा आवाज फार मागे आहे, आगा,” तो म्हणाला. “काही ऐकूच येत नाही.”

“तो तिथेच बरा आहे,” आगा म्हणाला आणि पाणी प्यायला.

बाहेर पडल्यावर दोघे आगाच्या गाडीपाशी थोडे रेंगाळले. आगाने नव्या तारांचं विचारलं, कुठल्या लावतोस, एवढ्या लवकर तुटतात कशा. वहिनीने आपासाठी जर्दाळूचा मुरंबा दिला होता तो दिला. मग निघून गेला. आयदोस बसमध्ये चढला, दोन थांब्यांनंतर उतरला, उरलेलं अंतर चालला. तेवढ्यात तिसरं गाणं पाच वेळा ऐकलं. स्वतःचं.

आपाने शेजारणीच्या फोनवर कार्यक्रम ऐकला होता. टेबलावर तळलेल्या पिठाचे बौरसाक होते, चहा होता. तिने दूध घातलं, चहा ओतला, वाटी त्याच्यापुढे ठेवली.

वाटी काठोकाठ भरलेली होती.

घरच्या माणसाला अर्धी वाटी देतात, पुन्हा पुन्हा देतात. भरलेली वाटी दिली की पाहुण्याने समजायचं आणि उठायचं. आयदोस वाटीकडे बघत राहिला. मग आपालाही ते दिसलं. तिने वाटी उचलली, अर्धी स्वतः पिऊन टाकली, आणि उरलेली त्याच्यापुढे सरकवली.

“सूर खरंच खाली आहे, आपा.”

“असू दे की.” तिने तळहाताने तोंड पुसलं. “तुझे अता असते तर विचारलं असतं, माझ्या पोराला नावं ठेवणारा हा कोण?”

तो चहा प्यायला. तिने पुन्हा ओतला, या वेळी अर्धा. मुरंब्याची बरणी तिने उघडली नाही, पण उचलून बाजूलाही ठेवली नाही.

मग तो आत गेला. वादिमला फोन करून म्हणाला, तिसरं गाणं पुन्हा गायचंय. वादिम म्हणाला, वेडा झालास, अल्बम बाहेर आलाय, लोक ऐकतायत. आयदोस म्हणाला, माहीत आहे. वादिमने विचारलं, मग कुणासाठी गातोयस. आयदोसने फोन या कानावरून त्या कानावर घेतला. मंगळवारी येतो, म्हणाला.

ताउगुल हा बँड सुरू झाला १९९९च्या सप्टेंबरात; आयदोसला ओर्बिताला नेलं ते त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये.