सुगंधाच्या हातातलं मुसळ

मित्रांनो, जरा लांब बसा. मी मुसळ आहे. म्हातारं, मोडकं, अर्धं उरलेलं. पण राग अजून पुरता शाबूत आहे. माझी गोष्ट ऐकायची तर धाडधाड ऐकावी लागेल. मला हळू बोलता येत नाही.

माझा जन्मच मारामारीत झाला. कट्टा गावाच्या वरच्या रानात मी खैराचं झाड होतो. शिवा सुतार कुऱ्हाड घेऊन आला. मी त्याच्या दोन कुऱ्हाडींचे दात पाडले, तेव्हा कुठे आडवा झालो. मग त्याने मला तासलं, घासलं, गोल केलं आणि टोकाला तापलेलं लोखंडी कडं ठोकून बसवलं. घाम पुसत तो म्हणाला, "ह्या मुसाळ नाय रे, ह्यो दांडगो आसा!" मला ते फार आवडलं.

मला विकत घेतलं दत्तारामच्या आईने. त्यांच्या पडवीत जमिनीत पुरलेलं दगडी उखळ होतं. आमच्याकडे त्याला व्हायन म्हणतात. त्यात मी भाताची सालं काढली, मिरच्यांचा भुगा केला, हळकुंडांची हाडं मोडली. एकदा पडवीत शिरलेल्या नागाचा कणाही मोडला. लग्नघरात हळद कांडायला मला मानाने नेत, आंब्याची पानं बांधत, कुंकू लावत. बायका गात आणि मी हाणत असे. ते दिवस काय सांगू!

म्हातारी वारली आणि घर सुनेच्या हाती आलं. तिचं नाव सुगंधा. दत्ताराम जहाजावर खलाशी, वर्षातून एकदा घरी यायचा. आनंदी नावाची मुलगी, पाळण्यात धोंडू, गोठ्यात गाय आणि घराच्या पुढच्या पडवीत मीठ-मिरची-रॉकेलचं दुकान, सगळं सुगंधाच्या एकटीच्या अंगावर होतं. अशात कट्ट्याला भाताची गिरण सुरू झाली. सुगंधाने मला कोपऱ्यात उभं केलं आणि भाताची गोणी गाडीवानाकडे दिली. तिला दोष कसा द्यायचा? पण मी दिला. भरपूर दिला. कोळी माझ्या अंगावर जाळी विणत होते आणि मी मनातल्या मनात त्या गिरणीची चाकं फोडत होतो.

सुगंधा दिवसभर दुकानात पाटावर बसून असायची. बसल्या बसल्या मीठ मोजायचं, बसल्या बसल्या धोंडूला पाजायचं. पोरांच्या ताटात भात उरला की टाकवत नाही म्हणून तोही तिच्याच पोटात जायचा. हळूहळू ती इतकी सुटली की पाटावरून उठताना दाराची चौकट धरावी लागे. गिऱ्हाइकं हसत आणि ती पण हसे.

मग शिमगा आला. आमच्याकडे शिमग्याला गावची पारध असते. ढोल बडवत, हाकारे घालत माणसं रान उठवतात आणि ठासणीच्या बंदुका घेऊन पुढे दबा धरतात. पिढ्यान् पिढ्या हाकारा खालच्या रानातून, आमच्या घरामागच्या व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे यायचा. त्या दुपारी एका मोठ्या डुकराला गोळी चाटून गेली आणि ते पिसाटून आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात घुसलं. खळ्याच्या पलीकडे काजीच्या झाडाखाली आनंदी काजूच्या बिया वेचत होती.

सुगंधा ओरडली, चौकट धरून उठली, धावली. धावली कसली! खळ्याच्या मध्यावर तिचा श्वास संपला, गुडघे वाकले आणि ती तोंडावर आपटली. तिच्या डोळ्यांसमोर डुकराने सुळा घातला आणि पोरीची मांडी उभी फाडली. मी कोपऱ्यात उभा होतो. मित्रांनो, लाकडाला हात नसतात याचा त्या दिवशी मला जेवढा संताप आला, तेवढा कधी आला नाही.

शेजारची जानकी कोयता घेऊन धावली तेव्हा डुक्कर पळालं. पोरीला चादरीत घालून मोटारीने मालवणला नेलं. ती वाचली, पण पाय आखडला तो आखडलाच. डॉक्टरांनी पोरीला तपासून झाल्यावर आईकडे पाहिलं. जानकी सोबत होती, तिनेच हे सगळं नंतर पडवीत सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्हाला बोलतानाही धाप लागते. वजन उतरवा. रोज फिरायला जात जा."

सुगंधा म्हणाली, "मी फिरायला गेले तर पोरांच्या तोंडात पेज कोण घालणार?"



मग सुगंधाने काय केलं ठाऊक आहे? देवळात जाऊन देवीला गाऱ्हाणं घातलं आणि अंग उतरेपर्यंत मासे सोडले! मालवण तिचं माहेर, त्यात खलाशाची बायको. मासे सोडणं म्हणजे अर्धा जीव सोडणं. अर्धा जीव सोडला की अर्धं अंगही उतरेल, असा तिचा सरळ हिशोब. पण बांगडा गेला म्हणून भाताचे ढीग वाढले, आमटीत एका नारळाचे दोन झाले, आणि दुःख झालं की गूळ-खोबरं होतंच. गणपतीपर्यंत तिच्या चोळ्या उसवायला लागल्या. मी कोपऱ्यात दात खात होतो.

जानकी तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "मासे सोडून अंग उतारता, ह्या तुका कोणी सांगल्यान गो? नारळार वायच हात आवर आणि बूड हलय!"

"येळ खंय आसा माका?" सुगंधा कळवळून म्हणाली.

त्याच संध्याकाळी आनंदी पाय ओढत तिच्याजवळ आली. पोरीने अगदी साधं विचारलं, "आये, डुकर परत ईलो तर तू पोचतलंस मगे?"

 पोर उत्तराची वाट पाहत उभी राहिली आणि मग पाय ओढत निघून गेली. सुगंधा पदर तोंडात कोंबून रडली. रडता रडता तिची नजर माझ्यावर पडली. तिने जाळी फाडली, मला खेचून बाहेर काढलं, व्हायनात मूठभर भात टाकलं आणि हाणलं. धाड!

कसलं हाणणं ते! चार घाव नीट बसले नाहीत तोच तिची पकड सुटली आणि मी तिच्या अंगठ्यावर कोसळलो. नख काळंनिळं झालं. "मुडदो बशिवलो तुजो!" ती माझ्यावर किंचाळली. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला शिवी दिली. मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी तिने अंगठ्याला चिंधी बांधली आणि पुन्हा मला उचललं. नवा वेळ तिने कुठून आणला नाही. पेज चुलीवर शिजेपर्यंत ती नुसती बसायची, तेवढ्या वेळात कांडायचं ठरवलं. पेज उतू गेली की थांबायचं. आधी मूठभर, मग सूपभर. आनंदी बाजूला बसून ओरडायची, "आजून एक, आये! आजून एक!" हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. माझ्या अंगाला तिचं रक्त लागलं आणि मी ते पिऊन घट्ट झालो. गिरणीला गोणी जाणं बंद झालं.

देवीपुढे नारळ ठेवून तिने मासे परत मागून घेतले. पोरांच्या ताटातलं उरलेलं गायीच्या घमेल्यात जाऊ लागलं. पहिल्या दिवशी तिने ते टाकताना डोळे मिटले होते.

दिवाळीनंतर जानकी आपलं मुसळ घेऊन यायला लागली. दोघींनी एका व्हायनात कांडायचं म्हणजे एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली. ताल चुकला तर मुसळावर मुसळ आदळतं आणि मनगटं झिणझिणतात. सुरुवातीला आमची रोज टक्कर व्हायची. जानकीच्या मुसळाचा मी दोनदा टवका उडवला. पण पुढे असा ताल बसला की गिऱ्हाइकं मीठ विसरून ऐकत उभी राहायची. सुगंधाच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. दुकानात कोणी नसलं की ती कासोटा घालून पाटापासून काजीच्या झाडापर्यंत धावे. लोक फिदीफिदी हसले. या वेळी ती हसली नाही.

पुढच्या शिमग्याआधी ती पारधीचे मानकरी भिकाजी यांच्याकडे गेली. परत आली ती लाल होऊन. जानकीला तिने सगळं सांगितलं. ती त्यांना म्हणाली होती, "तात्यानू, औंदा हाकारो वयल्या रानातसून घाला. हयसर माजी पोरां आसत." आणि ते म्हणाले होते, "बापजाद्यांचो रस्तो आसा तो. पोरां घरात ठेव."

तिने पोरं घरात ठेवली. मला मात्र दाराशी ठेवलं. ढोल वाजायला लागले, बार निघाले, आणि तेवढ्यात कोंबडीच्या पिल्लामागे दुडदुडत धोंडू खळ्यात गेला. त्याला आणायला आनंदी पाय ओढत निघाली. दोघं काजीखाली असताना व्हाळातून डुक्कर वर आलं. तोंडाला फेस, खांद्यातून रक्त, सुळे बाहेर.

सुगंधाने मला उचललं आणि ती धावली. खळ्याचा मध्य आला आणि मागे पडला. तिचा श्वास पुरला, गुडघे टिकले. डुक्कर आणि पोरं यांच्यामध्ये ती पोचली आणि तिने मला असं हाणलं की डुकराचं नाकाड आत गेलं. ते मागे हटलं आणि पुन्हा अंगावर आलं. त्याचा सुळा माझ्या अंगात घुसला. कड् कड् करत मी उभा चिरलो, अर्धा लांब उडालो. उरलेला अर्धा तिच्या हातात होता. ती हाणतच राहिली.

तेवढ्यात जानकी पोचली. तिच्याही हातात मुसळ. मग मित्रांनो, ना हाक ना इशारा, दोघींचा ताल आपोआप बसला. एकीचं वर, दुसरीचं खाली. धाड! धाड! धाड! गरम रक्त उडत होतं, हाडं मोडत होती, आणि ताल एकदाही चुकला नाही. डुक्कर निपचित पडलं तरी त्या थांबेनात.

आनंदी आईच्या कमरेला बिलगली. "आये, तू पोचलंस," ती म्हणाली.

"पोचलंय गो, पोचलंय," सुगंधा म्हणाली आणि खाली बसून ढसाढसा रडली.

पारधीचे लोक आले तेव्हा त्यांना बंदुकांची लाज वाटली असावी. ज्याच्या घावाने जनावर पडतं, त्याला मानाचा वाटा म्हणून मागची तंगडी द्यायची, हा गावचा रिवाज. भिकाजींनी स्वतः ती तंगडी आणली आणि मान खाली घालून खळ्यात ठेवली. "वाटो तुजो, सुगंधा," ते म्हणाले.

"वाटो नको माका, तात्यानू," ती म्हणाली. "रस्तो बदला."

त्या वर्षापासून हाकारा वरच्या रानातून जातो.

मी आता कांडत नाही. पडवीच्या दाराचा अडसर झालो आहे. शिवा सुताराने केलेलं नवं मुसळ व्हायनात वाजतं, तेव्हा माझ्या चिरलेल्या अंगात अजून कळ उठते. पण आत कोण झोपलंय ते मला ठाऊक आहे आणि दारातून कोणी येऊन बघावंच, अशी माझी इच्छा आहे.

मित्रांनो, आज घरी जा आणि ताटात वाढलेलं स्वतः संपवा. तुमचं उरलेलं आईच्या पोटात ढकलू नका. चुलीवरची पेज शिजेपर्यंतचा वेळ तिचा तिला द्या, घरातल्या धोंडूला तुम्ही सांभाळा. आणि आनंदीने विचारलं ते एकदा तुम्हीही विचारा: आये, तू पोचतलंस मगे? उत्तर यायला उशीर लागला, तर तिच्यावर हसू नका. तिच्या हातात मुसळ द्या आणि बाजूला बसून ओरडा, आजून एक!