न झिजलेली निळी बाजू

मित्रांनो, मी एक जुनी पेन्सिल आहे, एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी. माझी लाल बाजू झिजून बोटाच्या पेराएवढी उरली आहे. निळी मात्र जवळजवळ नवी आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा दोन्ही बाजू अगदी सारख्या होत्या. मग असे का झाले, ते सांगते.

माझे मालक शाळेत इतिहास शिकवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या लहानपणी शेजारच्या देशाशी युद्ध झाले होते. एकदा त्यांना त्या देशाच्या इतिहासाचे पुस्तक मिळाले. त्यांनी ठरवले, आपले आणि त्यांचे पुस्तक शेजारी शेजारी ठेवून वाचायचे. त्यांच्या पुस्तकावर लाल खूण, आपल्या पुस्तकावर निळी. शंका आली की समासात प्रश्न लिहायचा. हे कुणी पाहिले? कधी लिहून ठेवले? असे लिहिण्यात कुणाचा फायदा?

मास्तरांची नजर तीक्ष्ण होती. एका मोठ्या पुलावर मेलेल्यांचा आकडा शेजारच्या देशाच्या पुस्तकात एके ठिकाणी तीनशे होता, पुढच्या धड्यात पाचशे. मास्तरांनी तो फरक बरोबर पकडला. मुख्याध्यापकांनी मला वर धरून वर्गाला दाखवले. "असं वाचायचं असतं!" ते म्हणाले. मी फुलून गेले.

आपल्या पुस्तकात त्या पुलाबद्दल एकच ओळ होती: 'पुलावर शत्रूची तुकडी नष्ट झाली.' खाली तुकडी नष्ट करणाऱ्या अधिकाऱ्याचा फोटो. तो मास्तरांचा थोरला भाऊ. तोच फोटो घराच्या भिंतीवरही होता. त्या देशाचे पुस्तक म्हणत होते, पुलावर सैनिक नव्हतेच. गाठोडी आणि पोरेबाळे घेऊन पळणारी माणसे होती.

माझी निळी बाजू वापरत त्या मास्तरांच्या बायको. त्या कपडे शिवत आणि कापडावर माझ्या निळ्या टोकाने खुणा करत. त्यांचे माहेर त्या पुलाजवळचे. युद्ध झाले तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. घरात हे माहीत होते, पण त्यावर कुणी बोलत नसे.

एका दुपारी त्यांनी मला हातात घेतले आणि हसल्या. "अहो, ही बघा. लाल बाजू संपत आली. निळी जी थोडीशी झिजली, ती माझ्या शिवणात."

"मग झिजव की. कोण नाही म्हणतंय?"

"आपलं पुस्तक इतकं शहाणं आहे होय? एकदाही शंका आली नाही तुम्हाला?"

"आता शिवण सोडून इतिहास शिकवणार का?"

त्यांनी पुलाच्या ओळीवर बोट ठेवले. "इथे विचारा ना, कुणी पाहिलं म्हणून."

"दादाबद्दल बोलतेस तू!"

"पुलाबद्दल बोलतेय."

मास्तरांनी मला हिसकावून जमिनीवर आपटले. मी निळ्या टोकावर पडले. बरणीतला चमचा पडावा तेवढाच आवाज झाला, पण माझे शिसे आत ठिकठिकाणी तुटले. बाईंनी मला उचलून त्याच पानात ठेवले. "विचाराल तेव्हा सांगेन," एवढेच म्हणाल्या.

पुढे त्या आजारी पडल्या. मास्तरांनी काही कमी केले नाही. औषधे दिली, पेज भरवली, पाठ चोळली. शेजाऱ्यांबद्दल बोलले, शिवणयंत्राच्या तेलाबद्दल बोलले. पुस्तक उशाजवळच होते आणि मी त्यातून डोकावत होते. बाई कधी कधी माझ्याकडे बघत. मास्तरही बघत. उद्या विचारू, असे त्यांना वाटत असावे. मग एके सकाळी खाट रिकामी झाली.

कितीतरी महिन्यांनी मास्तरांनी पुस्तक उघडले. माझ्या निळ्या बाजूला टोक काढले. शिसे तुटून बाहेर पडले. पुन्हा काढले, पुन्हा तुटले. तिसऱ्यांदा टिकले. आपल्या पुस्तकाच्या समासात त्यांनी पहिल्यांदाच लिहिले: 'हे कुणी पाहिले?'

"अगं, ऐकलंस का..." ते आतल्या खोलीकडे वळून म्हणाले. आत रिकामी खाट होती.

बऱ्याच वेळाने त्यांनी प्रश्नाखाली लिहिले: 'माझ्या बायकोने.' पुढची ओळ लिहायला मला टेकवले, पण हात हलेना. तिने काय पाहिले, ते त्यांना माहीतच नव्हते. ती ओळ अजून कोरी आहे.

मित्रांनो, तुमच्या पेन्सिलीची दोन्ही टोके झिजू द्या. आणि स्वतः पाहणारे माणूस घरात असेल, तर पुस्तक मिटा आणि आधी त्याच्याजवळ जाऊन बसा.