उसना कोट

पणजीला सारी गल्ली 'मापाची बाई' म्हणत असे. गिऱ्हाईक उंबऱ्यात उभं राहिलं की टेप न लावताच ती त्याच्या खांद्यांचं माप सांगे. आजीला 'कात्री' म्हणत, आणि ते केवळ तिच्या कापडकामावरून म्हणत नसत. आईचं नाव पडलं 'अस्तर'. ती कायम आत असे, सगळ्यांना ऊब देई आणि स्वतः कुणाला दिसत नसे. या तिघींच्या मागून आलेल्या चौथीला लोकांनी 'टाचणी' ठरवून टाकलं. पण हे नाव तिच्या कानावर घालण्याची छाती आजवर कुणाला झाली नाही. समोर सगळे तिला 'बाई' म्हणत. ऐंशी ओलांडली तरी शिवणकामाच्या त्या दुकानातली खुर्ची, चाव्या आणि शेवटचा शब्द बाईंकडेच होता.

दुकानात शिरल्यावर उजव्या हाताला खुंट्यांची एक ओळ होती. तिच्यातली शेवटची खुंटी रिकामी ठेवायची, हा त्या घरचा कायदा. नव्याने कामाला लागलेल्या एका मुलीने तिथे छत्री अडकवली होती, तेव्हा बाईंनी डोळे वर न करता विचारलं होतं, "त्या छत्रीला घरदार नाही का?" छत्री तत्काळ निघाली.

ती खुंटी आईच्या कोटाची होती.

कोट मुळात पणजोबांचा. कापड असं दणकट की माणूस गेला तरी कोट गेला नाही. आजीने तो उसवून, बेतून, आपल्या थोरल्या मुलीच्या, म्हणजे बाईंच्या आईच्या अंगाचा केला. फक्त बटणांची बाजू तिने बदलली नाही, कारण जाड कापडावरची जुनी काजं बुजवली तरी ती दिसतातच. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू वर येते, बायकांच्या कोटाची उजवी. आईचा कोट जन्मभर पुरुषी बाजूने लागला. 'आमच्या ताईचा उलटा कोट' म्हणून तिची धाकटी बहीण हसायची.

ही धाकटी बहीण म्हणजे बाईंची मावशी. तिने मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाचा हात धरला, मग त्या दोघांनी मिळून बँका लुटायला सुरुवात केली आणि वर्तमानपत्रांना पहिल्या पानासाठी दुसरं काही शोधावं लागेना. एका हिवाळ्याच्या सरतीला ती भल्या पहाटे दुकानात आली. अंगावर पातळ झगा, ओठ निळे. आईने एक प्रश्न विचारला नाही. खुंटीवरचा कोट काढला आणि तिच्या खांद्यांवर घातला.

"पुढची थंडी पडायच्या आत आणून देते, ताई."

"दे म्हणजे झालं. आणि वरचं बटण तुटलंय, तेवढं लावून घे."

"लावूनच देईन."

"तू? तू लावलेलं बटण मला परत उसवावं लागतं गं बाई!"

दोघी हसल्या. इस्त्रीच्या टेबलाखाली बसलेल्या लहानग्या बाईंनी ते हसू पाहिलं. ते हसू शेवटचं ठरलं, कारण पुढची थंडी तोंडाशी आलेली असतानाच एका रस्त्यावर पोलिसांनी त्या मोटारीवर गोळ्या झाडल्या आणि दोघंही जागच्या जागी गेली.

आईने पुन्हा कोट शिवला नाही. शिंप्याच्या घरात काय कापडाला तोटा होता? पण ती जन्मभर शालीवर निभावत राहिली. थंडीची पहिली झुळूक आली की खुंटीकडे एकदा पाही आणि म्हणे, "विसरली असेल. तिच्या डोक्यात कधी काही राहिलंय का?" हे ती रागाने म्हणे की आशेने, हे बाईंना आईच्या मागेही उमगलं नाही. वारसा म्हणून खुंटी मात्र त्यांच्याकडे आली, आणि खुंटीबरोबर ते वाट पाहणंही आलं.

बाईंची नात मालिकांसाठी पोशाख तयार करते. तिनेच एका दुपारी दुकानात येऊन बातमी दिली, "आजी, रागावणार नसशील तर सांगते. आपल्या मावशीआजीवर मालिका काढताहेत. पोशाख माझ्याकडे आहेत."

"काय काय दाखवणार आहेत?"

"लाल मोटार. दोन्ही हातांत पिस्तुलं."

"मोटार मातकट रंगाची होती. आणि फटाका उडाला तरी माझी मावशी कानांत बोटं घालायची."

"लोकांना पिस्तुलं आवडतात, आजी."

"मग घालू देत गोळ्या. मेलेल्या माणसाला नेमबाजी फुकट शिकवता येते," बाई म्हणाल्या. "आणखी?"

नात जरा चाचरली. शेवटच्या दृश्यात म्हणे तो तरुण आपला कोट काढून मावशीला घालतो आणि तेवढ्यात गोळीबार होतो. सगळ्या पुस्तकांत असंच लिहिलेलं आहे. मावशीच्या अंगावर पुरुषी कोट सापडला, म्हणून पोलिसांनी तो नंतर त्याच्या घरच्यांना दिला. त्याच्या धाकट्या भावाचा मुलगा, एक म्हातारे घड्याळजी, तो जपून आहेत. नक्कल शिवण्यासाठी ते कोट घेऊन आले आहेत, पण नजरेआड करायला तयार नाहीत. ते बाहेर उभे आहेत.

बाईंनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली.

"आत बोलाव," त्या म्हणाल्या.

घड्याळजी आत आले. नीटनेटका, कृश माणूस, हातात मऊ कापडात बांधलेलं गाठोडं. त्यांनी ते कापायच्या टेबलावर उलगडलं. तपकिरी कोट. पाठीला भोकं, खांद्याशी काळपटलेला डाग. बाईंनी तिकडे पाहिलं आणि नजर वळवली. मग त्यांनी बाहीची आतली शिवण बोटांनी चाचपली. आजीच्या, त्या 'कात्री'च्याच हातची होती.

"हा कोट तुमच्या काकांचा नाही. माझ्या आईचा आहे."

घड्याळजींनी मान ताठ केली. "बाई, तुम्ही वयाने मोठ्या आहात म्हणून ऐकून घेतो. बटणं बघा. हा पुरुषाचा कोट आहे."

"पुरुषाचा होता. माझ्या पणजोबांचा. काखेतली घडी बघा, छातीवरची चूण बघा. असा पुरुष पाहिलाय का कधी?"

घड्याळजींनी वाकून पाहिलं. दिसलं त्यांना, पण दिसलेलं पटवून घ्यायला वेळ लागतो. ते स्टुलावर बसले. "माझे वडील या कोटावर जगले हो," ते म्हणाले. "भाऊ दरोडेखोर. शाळेत, बाजारात, लग्न ठरवताना, जिथे तिथे तेच. तेव्हा ते म्हणायचे, असेल दरोडेखोर, पण मरताना त्याने आपल्या अंगावरचं काढून तिला दिलं. आमच्या घरात त्याच्याविषयी सांगण्यासारखी तेवढी एकच गोष्ट आहे. तीही तुम्ही नेणार?"

बाईंजवळ उत्तर तयार होतं. त्यांच्याजवळ ते नेहमीच असे. पण बोलण्याआधी हात सवयीने कोटाच्या वरच्या बटणाकडे गेला आणि तिथेच अडकला.

खालची बटणं शिंगाची होती, आईच्या हातची. जाड कोटाचं बटण लावताना बटण आणि कापड यांच्यात दोऱ्याची लहानशी मान ठेवावी लागते, नाहीतर कापड गोळा होतं. आईच्या प्रत्येक बटणाला ती होती. वरचं बटण वेगळं होतं: पितळी, आणि असं करकचून आवळलेलं की भोवतीचं कापड रुसलेल्या पोराच्या तोंडासारखं चुरगळलं होतं.

मावशीने बाईंच्या फ्रॉकला एकदा असंच बटण लावलं होतं. आईने ते उसवून नीट लावलं होतं आणि नंतर कितीदा तरी म्हणाली होती, "राहू द्यायला हवं होतं गं मी ते."

"लावलंय," बाई पुटपुटल्या. "तिने लावलंय."

नातीने घाबरून विचारलं, "आजी, पाणी देऊ?"

"पाणी नको. ते दोघं कुठे चालले होते? त्या दिवशी?"

"तेच कुणाला कळत नाही ना," नात म्हणाली. "सरहद्द जवळ आली होती, पलीकडे गेले असते तर सुटले असते. पण मोटार उलट वळली. दिग्दर्शक म्हणतात, रस्ता चुकले असतील."

"रस्ता चुकले नव्हते. तो रस्ता इकडे येतो." बाईंनी ते पितळी बटण अंगठ्याखाली धरलं. "थंडी पडायला आली होती."

मग घड्याळजींनी खिशातून आपलं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि त्या पितळी बटणावर वाकले.

"यावर चाक आहे," ते हळूच म्हणाले. "काका ज्या मोटारींच्या कारखान्यात होते, तिथल्या डगल्याची बटणं अशी असत. त्यांचा डगला आहे आमच्याकडे. वरचं बटण नाही त्याला. माझ्या आजीने तिथे दुसरं कधी लावू दिलं नाही."

"आपल्या डगल्याचं काढून दिलं त्याने," बाई म्हणाल्या. "घ्या. तुमच्या वडिलांची गोष्ट खोटी नव्हती. थोडी मोठी झाली होती, इतकंच."

घड्याळजींनी भिंग काढलं आणि बराच वेळ पुसत बसले, जरी ते स्वच्छच होतं.

दिग्दर्शक भला माणूस निघाला. सगळं ऐकून त्याने कपाळाला हात लावला. "बाई, कोटाचं दृश्य म्हणजे मालिकेचा प्राण आहे. लोक त्यासाठीच शेवटपर्यंत बसणार."

"बसू देत. मोटार लाल ठेवा, पिस्तुलं चार द्या. मी काही म्हणणार नाही. पण तिला बटण लावू द्या."

"नुसतं बटण?"

"नुसतं? मुलगा काही न बोलता डगल्याचं बटण तोडून देतो, आणि जिला शिवता येत नाही ती चालत्या मोटारीत सुई ओवते. तुमच्या त्या दृश्यात तो कोट देतो, कारण त्याला मरण दिसतंय. इथे ती बटण लावते, कारण तिला ताईचं घर दिसतंय. आता तुम्हीच सांगा, कुठलं बघाल?"

दिग्दर्शकाने कपाळावरचा हात काढला आणि मोटार पुन्हा उभी करायला सांगितली.

अडचण एकच आली. मावशीचं काम करणाऱ्या नटीला बटण उत्तम लावता येत होतं.

"आईने शिकवलंय मला," ती म्हणाली.

"आईला माझा नमस्कार सांग आणि शिकवलेलं विसर," बाईंनी तिला शेजारी बसवलं. "दोरा लांब घे. अजून लांब. हं, आता गुंतू दे. ओढ. अगं, राग काढल्यासारखा ओढ!"

जन्मभर ज्यांनी हाताखालच्या मुलींची बोटं असल्या टाक्यांसाठी टेपने झोडली, त्या बाई एका परक्या पोरीला चुकायला शिकवत होत्या. तिसऱ्या खेपेला नटीच्या बोटात सुई टोचली, तिने 'आई गं!' म्हणून बोट तोंडात घातलं आणि बटण जमल्याच्या आनंदात हसली. कापड बरोबर चुरगळलं होतं.

बाईंनी तोंड फिरवलं. इस्त्रीच्या टेबलाखालून पाहिलेलं ते हसू त्यांना इतक्या वर्षांत पुन्हा आठवता आलं नव्हतं. आता आठवलं.

चित्रीकरण संपल्यावर, हवेत पहिला गारठा यायच्या थोडं आधी, घड्याळजी एकटेच दुकानात आले. तेच मऊ कापड, तेच गाठोडं.

"थंडी पडायच्या आत म्हणाली होती ना?" ते म्हणाले. "आमच्याकडून उशीरच झाला."

"बसा," बाई म्हणाल्या. "तुमचं बटण तेवढं काढून देते. तुमच्या डगल्याला लागेल."

"नको, बाई. त्याने दिलेलं आहे. दिलेलं परत नसतं घ्यायचं."

नातीने कोट हातावर घेतला. "आजी, जरा वाफ देऊ? आणि हे वरचं बटण नीट..."

"हात लावशील तर याद राख."

बाई स्वतः उठल्या. काठी खुर्चीलाच राहिली. त्यांनी कोट दोन्ही हातांनी धरला, खांदे सारखे केले आणि शेवटच्या खुंटीवर अडकवला. मग आतल्या खोलीकडे, जिथे आता कुणी बसत नसे, तोंड करून त्या मोठ्याने म्हणाल्या, "आई, मावशी कोट देऊन गेली गं. बटण लावून."