रानशेवंतीची ओळख

"उपटा म्हणाले, म्हणून रस्त्याकडेला आठ दिवस उपटतोच आहोत. आता साहेबांना 'हे तणच आहे' अशी कागदावर सही पाहिजे," रस्तेखात्याचा मुकादम म्हणाला आणि ओल्या गोणपाटातली रोपं त्याने टेबलावर पसरली. पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळी चकती. मुळांची माती सगळीकडे सांडली.

कॉलेजच्या वनस्पती-संग्रहालयात नव्याने आलेले सर घाईत होते. अकराचा तास होता. एक फूल उचलून त्यांनी वरून न्याहाळलं. "तेच तण. बाहेरून आलेलं. पसरलं की दुसरं काही उगवू देत नाही. काढून टाका." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

खिडकीपाशी बाई बसल्या होत्या. हुद्दा मदतनीस, शिक्षण दहावी. वाळलेली रोपं जाड कागदावर टाके घालून बसवायची, हे काम त्या सव्वीस वर्षं करत होत्या. सर त्यांच्या धाकट्या मुलाच्या वयाचे. तरी सरांपुढे बोलायचं म्हणजे त्यांची जीभ अडखळे. त्यांनी सुई बाजूला ठेवली.

"सर, जरा उलटं करून बघता का?"

"काय?"

"फूल. तणाच्या फुलाखाली हिरव्या पानांची एकच ओळ असते. हिची बघा, एकावर एक, कौलं घातल्यासारखी. आणि पानही देठाला मिठी मारून बसलंय. ही रानशेवंती वाटते मला. इथलीच आहे ही."

मुकादमाने एकदा बाईंकडे, एकदा सरांकडे पाहिलं. "मग आम्ही काय उपटतोय?"

सरांचे कान लाल झाले. "दिसायला दोन्ही सारखीच असतात," ते म्हणाले.

"माझीही गफलत व्हायची," बाई म्हणाल्या. "आधीच्या सरांनी भिंगाखाली दोन्ही शेजारी ठेवून दाखवली, तेव्हा कळलं." त्यांनी कपाटातून दोन जुने कागद काढून सरांपुढे ठेवले.

सरांनी शिपायाला वर्गावर निरोप द्यायला पाठवलं आणि भिंगाशी बसले. मुकादम दोनदा पाणी पिऊन आला. पंधरा-वीस मिनिटांनी सरांनी मान वर केली. पेन बंद केलं.

"बाई बरोबर आहेत. हे तण नाही. मी सही करत नाही."

मुकादमाने तिथूनच फोन लावला. "काम थांबवा रे. हो, आत्ता. किती राहिलंय?" तो ऐकत राहिला. मग फोन खिशात टाकत म्हणाला, "वळणापासून पुलापर्यंत सगळं साफ झालं. पुलापलीकडे शंभरेक पावलांचा पट्टा उरलाय."

बाई खाली बसल्या. "मी रोज त्याच रस्त्याने येते. परवा बसमधून ढीग दिसला होता. वाटलं, गवत असेल. उतरून बघायला हवं होतं."

"तुम्ही काय रस्ता राखायला आहात का, ताई?" मुकादम हळू आवाजात म्हणाला. "पण आमच्या माणसांना दाखवायला याल का? खरं तणही मिसळलंय तिथे. ती घोळ घालतील."

"दुपारी येते. सरांनी सोडलं तर."

"मीही येतो," सर म्हणाले. "मलाही बघायचंय."

मुकादम गेल्यावर सरांनी ढिगातून एक न मोडलेलं रोप निवडलं. ते संग्रहात ठेवायचं होतं. त्याची चिठ्ठी एरवी बाई लिहीत. आज सरांनीच पुढ्यात घेतली. तारीख लिहिली, रस्ता लिहिला, गोळा करणारा म्हणून मुकादमाचं नाव लिहिलं. खालच्या ओळीवर, 'ओळख पटवणारे' या शब्दांपुढे, त्यांचा हात थांबला.

"बाई, वडिलांचं नाव लावू की यजमानांचं?"

बाई वाळवणीच्या कागदावर रोपाची पानं एकेक करून सरळ करत होत्या.

"नुसतं माझं लिहा," त्या म्हणाल्या, आणि मुळांतली माती हलक्या हाताने झाडू लागल्या.