कृष्णविवराची खूण

चिमणीने चाळिशी ओलांडली तरी घरात ती चिमणीच राहिली, कारण ते नाव दादाने ठेवलं होतं. दादा जन्मापासून बहिरा. धाकटी बहीण दिवसभर बडबडते हे त्याने तिच्या ओठांवरून ताडलं आणि दोन बोटांची चोच करून तिचं नाव पक्कं केलं.

मोठेपणी ती दुभाषी झाली. बोलणाऱ्यांचं बहिऱ्यांना हातांनी सांगायचं आणि बहिऱ्यांचं बोलणाऱ्यांना तोंडाने. दवाखाने, कोर्ट, बँका, सगळीकडे तिचे हात चालत. फक्त दादापुढे चालत नसत. त्याचं फोटोंना चौकटी बसवायचं दुकान होतं, आणि चौकटीत केसभर फट राहिली तरी त्याला जेवण जात नसे. बहिणीच्या खुणांनाही त्याने तोच नियम लावला होता.

म्हणून विज्ञान केंद्राने कृष्णविवरांच्या व्याख्यानासाठी बोलावलं तेव्हा ती आधी दुकानात गेली. कृष्णविवराला खूण काय, असं तिने विचारलं. दादाने काच कापायचं हत्यार खाली ठेवलं, कारण बोलायला त्याला दोन्ही हात लागत. अशी खूणच नाही, म्हणाला, एकेक अक्षर जोडून सांग. एवढा लांबलचक शब्द तासभर जोडत बसले तर बोटं गळून पडतील, असं तिला वाटलं. तिने आपल्या मनानेच ठरवलं, काळं आणि भोक. दादाला दाखवलं नाही. उगाच चार चुका काढील.

रविवारी सकाळी तिसऱ्या रांगेत दादा आणि त्याचे बहिरे मित्र येऊन बसले. व्याख्यान देणाऱ्या बाई विद्यापीठात शिकवायच्या. छान बोलत होत्या, आणि चिमणी शेजारी उभी राहून ते हातांनी सांगत होती. प्रचंड मोठा तारा म्हातारा होतो, स्वतःच्याच वजनाखाली कोसळतो आणि त्याचं कृष्णविवर होतं, असं त्यांनी सांगितलं. तिसऱ्या रांगेत कुणीतरी गालात हसलं. त्यात गेलेला प्रकाशही परत येत नाही, हे बघून दोघंतिघं खांदे हलवून हसायला लागले. आणि आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी असंच एक अवाढव्य कृष्णविवर आहे, असं बाई गंभीरपणे म्हणाल्या, तेव्हा दादा पोट धरून मोठ्याने हसला.

बाई थांबल्या. आपलं काही चुकलं का, असं त्यांनी नम्रपणे विचारलं.

दादा उठला आणि हातांनी उत्तर दिलं. चिमणीचा चेहरा उतरला. पण समोरचा जे बोलेल ते जसंच्या तसं सांगायचं, हा तिच्या धंद्यातला पहिला धर्म. तिने माइक तोंडाशी धरला.

"काळा रंग गालाजवळ दाखवतात," ती म्हणाली. "तुमच्या दुभाषीने भोकही तिथेच पाडलं. आमच्या भाषेत त्याचा अर्थ किडका दात. आकाशगंगेच्या मध्यभागी एक अवाढव्य किडका दात आहे, आणि त्यात गेलेला प्रकाश परत येत नाही, असं ती मघापासून सांगते आहे."

सगळं सभागृह हसलं. बाईंना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. चिमणीला धरणी दुभंगावी असं झालं होतं, पण बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मग चांगली खूण तुम्हीच सुचवा, असं तिसऱ्या रांगेला सांगितलं.

आता व्याख्यान बाजूलाच राहिलं. एकाने मोठा जबडा करून दाखवला. बाई नको म्हणाल्या. कृष्णविवर काही गिळत हिंडत नाही. सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं तरी पृथ्वी आजच्यासारखीच फिरत राहील, फक्त अंधारात आणि कुडकुडत. दुसऱ्याने पाणी खेचणारा पंप दाखवला. तोही नापास झाला. मग दादा मंचावर आला. डाव्या हाताची मूठ त्याने स्थिर धरली. उजव्या हाताची बोटं म्हणजे प्रकाश. ती मुठीच्या लांबून गेली तेव्हा जराशी वाकली. जवळून गेली तेव्हा जास्त वाकली. आणखी जवळ आली तेव्हा मुठीला वळसा घालून आत वळली, मिटली आणि पुन्हा उघडली नाहीत.

"अगदी हेच," बाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः करून पाहिलं, तर हातातलं पेन लांब उडालं. दादाने त्यांची बोटं धरून नीट वळवून दिली.

पुढे बाई दुसऱ्या विश्वांकडे वळल्या. काहींच्या मते कृष्णविवराच्या पोटात सगळं संपत नाही, तिथून नवंच विश्व उघडत असेल. गणित नाही म्हणत नाही, पण पुरावा अजून शून्य, आणि आपला स्वतःचा त्यावर फक्त सुट्टीच्या दिवशी विश्वास असतो, असं त्या म्हणाल्या. दादा अजून मंचावरच होता. त्याने एक प्रश्न विचारला. चिमणीने तो माइकमध्ये सांगितला.

"त्या दुसऱ्या विश्वात माझी बहीण कुणासाठी बोलत असेल?"

बाई म्हणाल्या, "विश्वं अगणित असतील, तर एखाद्यात सगळेच हातांनी बोलत असतील. तिथे दुभाषी मला लागेल."

दादाचे हात लगेच हलले.

"मग ते काम मी करीन," चिमणी माइकमध्ये म्हणाली. "ती दमते. तिला बसू दे."

पहिल्या रांगेतल्या कुणीतरी आपली खुर्ची उचलून मंचावर दिली. उरलेलं व्याख्यान चिमणीने बसून सांगितलं, दादाच्या खुणेने. तिसरी रांग आता मान पुढे काढून बघत होती.

संपल्यावर मंडळी बाहेर उन्हात घोळका करून उभी राहिली. कृष्णविवराजवळ वेळ हळू चालतो, ते कसं दाखवायचं यावर त्यांची जुंपली होती. बाई मधोमध उभ्या होत्या आणि मिळेल तशा खुणा करत होत्या. मदतीला जावं म्हणून चिमणी निघाली, तर दादाने लांबूनच तिला बसायला सांगितलं. ती पायरीवर टेकली आणि पिशवीतलं केळं काढून सोलू लागली. बाईंनी काहीतरी भलतंच केलं असावं. सगळे हसले, बाईही हसल्या. इतक्या लांबून चिमणीला ते नीट दिसलं नाही, आणि विचारायला ती उठलीही नाही.