टाकीच्या तळाचं पाणी

मुलांनो, डोळे मिटा आणि नाक उघडं ठेवा. या गोष्टीत डोळ्यांपेक्षा नाकाला काम जास्त आहे.

समजा, तुम्ही चाकणच्या अलीकडे इंद्रायणीच्या काठी उभे आहात. श्रावण आहे, नदी तांबडी होऊन दुथडी भरून वाहते आहे. पलीकडे उतरून पायवाटेने चालत गेलं की पिंपरीचे नवे कारखाने. पूल लांब, म्हणून कामावर जाणारी माणसं होडीने उतरतात. कामगारांच्या वसाहतीत भाजी विकणारी गोजाबाईही त्यांच्यातच. होडी आबाजीची. वल्ही मारून मारून त्याचे खांदे गेले, तेव्हा गावाने वर्गणी काढून लष्कराच्या लिलावातली एक जुनी मोटर आणली आणि होडीच्या मागच्या टोकाला बसवली. दोरी ओढली की ती आधी खोकायची, मग धूर सोडायची, मग चालायची.

आता वास घ्या. पेट्रोलचा येतो ना? त्याच्या मागे आणखी एक आहे, गोडसर, नाकाला झोंबणारा. तो स्पिरिटचा. त्या काळी साखर कारखान्यातल्या मळीपासून स्पिरिट काढत आणि पेट्रोलमध्ये मिसळत. कल्पना वाईट नव्हती. गाड्या चालत, मोटरीही चालत. फक्त पाणी सांभाळावं लागे. तेल आणि पाणी एका बाटलीत घातलं की तेल वर आणि पाणी खाली राहतं, हे तुम्ही पाहिलं असेल. पेट्रोलचंही तसंच. पण स्पिरिटला पेट्रोलपेक्षा पाणी जवळचं. पाणी दिसलं की ते पेट्रोलला सोडून पाण्यात जातं, आणि दोघं मिळून तळाशी बसतात. मोटर इंधन ओढते ते टाकीच्या तळातून. मग तिच्या घशात आधी काय जाणार? हे चिंचवडच्या पंपावरच्या माणसाने आबाजीला बजावून सांगितलं होतं, आणि शेजारी उभी असलेली आबाजीची दहा वर्षांची मुलगी रंभा ते विसरली नव्हती.

पेट्रोलचे डबे हिंदुरावाच्या खोलीत असत. हिंदुराव गावचा पंच. देवळात आरतीला सगळ्यांच्या पुढे, आणि दारूबंदीवर बोलायला लागला की थांबायचा नाही. खोलीची किल्ली त्याच्या करदोड्याला. "पेट्रोल म्हंजी आग हाय," तो म्हणे. "माझ्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई."

त्या सकाळी होडी भरलेली होती. नदीच्या मधोमध मोटर दोनदा उचकली आणि गप्प झाली. आबाजीने दोरी ओढली, पुन्हा ओढली. होडी आडवी होऊन धारेला लागली. बायका ओरडल्या. गोजाबाईची मेथीची पाटी पाण्यात गेली, आणि तिच्या मागोमाग गोजाबाईही गेली असती, पण रंभाने तिचा पदर दोन्ही हातांनी धरून ठेवला. आबाजीने दुखऱ्या खांद्यांनी बांबू रोवत रोवत होडी कशीबशी खालच्या वळणावर काठाला लावली. मग टाकीचं बूच काढून त्याने तळ रिकामा केला. जे निघालं ते गढूळ आणि बुळबुळीत होतं. त्याचे हात कोपरापर्यंत त्यात माखले.

घाटावर पंच जमले. सगळ्यांत मोठे उद्धवराव. त्यांनी मोटरीची दोरी काढून स्वतःच्या मांडीवर ठेवली. दोरी गेली की होडी गेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मोटरीला काय धाड भरलीय?" हिंदुराव म्हणाला. "चालवणाराच झिंगलेला आसंल, तर मोटर काय करंल?"

"हिंदुराव, मी माळकरी माणूस हाय," आबाजी म्हणाला.

"माळ गळ्यात आसती. घशात काय जातंय, कुणाला ठावं?"

त्या गावात एक घाणेरडी रीत पडली होती. कुणावर दारूचा संशय आला की चारचौघांनी त्याच्या तोंडाचा वास घ्यायचा. त्यांनी आबाजीला मधे उभं केलं आणि एकेक जण नाक पुढे करून आला, बाजारात बैलाचं तोंड उघडून बघतात तसा. तोंडाला वास नव्हता. मग हिंदुरावाने त्याचा हात उचलला, हुंगला आणि सगळ्यांपुढे धरला.

"घ्या! दारूत बुडवल्यागत वास येतोय."

येतच होता. आबाजी सांगत राहिला की हे टाकीतलं आहे. कुणी ऐकेना. चाळीस वर्षं ज्या हातांनी गाव पलीकडे नेलं, त्यांना लोक नाक मुरडत होते. मला आजही त्या नाकांची शिसारी येते.

"होडी दुसऱ्याला द्यावी लागंल, आबाजी," उद्धवराव म्हणाले. "पोलीस पाटलाला कळवलं न्हाई, हेच उपकार समज."

रंभा गर्दीतून निघाली आणि होडीकडे पळाली. तिथे एक भरलेला डबा होता. हिंदुरावाने सकाळीच खोलीतून काढून दिलेला, अजून न वापरलेला. तिने गोजाबाईकडून गोडेतेलाची रिकामी काचेची बाटली घेतली, डबा पायरीवर आणून चांगला हलवला आणि सगळ्यांदेखत त्यातलं बाटलीत ओतलं.

"पोरी, काय चाललंय?" उद्धवराव म्हणाले.

"थोडं थांबा, आजोबा. सावकाश खाली बसू द्या."

बाटली पायरीवर उभी राहिली. हळूहळू आतलं दोन भागांत वेगळं झालं. वर स्वच्छ पेट्रोल, खाली गढूळ थर. आणि त्या थराच्या तळाशी एक लिंबाची बी येऊन बसली.

गोजाबाई गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. "अगं बया! पेट्रोलात लिंबू? सरबत कवापासनं करायला लागलात, हिंदुराव?"

मुलांनो, आता सांगतो त्याने माझ्या तोंडाची चव जाते, पण सांगितलंच पाहिजे. हिंदुराव डब्यात पाणी ओतायचा, हलवायचा आणि तळाशी बसलेलं स्पिरिटचं पाणी नळीने ओढून घ्यायचा. फडक्यातून गाळायचा. वास मारायला गूळ आणि लिंबू. आणि प्यायलेल्या त्याच उष्ट्या भांड्याने पुढच्या डब्यात पाणी ओतायचा; बी आली ती तिथूनच. ते पिऊन माणसं आंधळी होतात, मरतात, कारण कुणी पिऊ नये म्हणून त्या स्पिरिटात मुद्दाम विष घातलेलं असतं. आणि तळाशी जे उरायचं, ते माणसांनी भरलेल्या होडीच्या मोटरीला.

"पोरीनंच बी टाकली आसंल," हिंदुराव म्हणाला, पण हात करदोड्यावर गेला होता.

"किल्ली तुमच्याकडं," रंभा म्हणाली. "तुमच्याबिगर कुणी हात लावत न्हाई. तुमीच म्हंता."

आता गाव चिडेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. तिघे-चौघे पंच पायांकडे बघू लागले. एकाने खाकरून सुपारी थुंकली. त्यांतला एक जण, अगदी हळू, पण गोजाबाईला ऐकू जाईल असं, दुसऱ्याला म्हणाला, "म्हंजी आपन हेच पेत व्हतो व्हय?"

उद्धवरावांनी घाईघाईने हात हलवला. "झालं गेलं. घरची गोष्ट घरात ऱ्हाऊ द्या. आबाजी, तूबी गप बस, आमीबी गप बसतो. होडी काय, आठवड्यानं बघू."

 आबाजी माखलेले हात धोतराला पुसत होता, पुसत होता, आणि वास जात नव्हता.

रंभाने त्याच्याकडे पाहिलं. मग ती ओळीने बसलेल्या पंचांकडे गेली. पहिला हिंदुराव होता. ती त्याच्यापुढे उभी राहिली, नाक पुढे केलं आणि म्हणाली, "काका, आ करा."

हिंदुरावाने ओठ घट्ट मिटले. ती पुढच्याकडे सरकली. "आ करा." त्याने उपरणं तोंडाला लावलं. त्याच्या पुढचा उठून चालू लागला. गोजाबाई मोठ्याने हसली, आणि तिच्याबरोबर होडीतल्या साऱ्या बायका. शेवटी रंभा उद्धवरावांपुढे आली. उद्धवरावांनी मान दुसरीकडे वळवली.

तिने त्यांना तोंड उघडायला सांगितलंच नाही. त्यांच्या मांडीवरची दोरी उचलली, पायऱ्या उतरली, आणि बापाचा हात धरून त्याला नदीकडे नेलं. काठावरची ओली माती मूठभर घेऊन ती त्याची बोटं एकेक करून घासू लागली.